उपाशी पोटी लायसन्स

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, पण निदान चहा संपेपर्यंत थांबा.

गेल्या मे महिन्यात मी आणि माझी बायको शुभा सुट्टीला मस्कतहून आलो. घोडपदेवच्या चाळीत आई असते. ब्याऐंशीची आहे. तिचं एकच मागणं होतं, "एकदा तरी झिलाच्या गाडयेतसून गावाक जायचा आसा." मेव्हण्याने गाडी देऊ केली. शुक्रवारी पहाटे मालवणला निघायचं ठरलं. आईने शेजारणींना सांगूनही टाकलं, लेक स्वतः गाडी चालवत नेणार म्हणून.

आणि सोमवारी कळलं, माझं इथलं लायसन्स संपलंय. शुभाचंही! मस्कतचं लायसन्स दाखवलं तर मेव्हणा म्हणाला, ते इथे फक्त पाकिटात शोभतं. नूतनीकरण ऑनलाइन होतं, पण चाळिशी ओलांडली की डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं.

मेडिकल! आता हा शब्द माझ्यापुढे उच्चारायचा? अहो, अठरा वर्षं आखातात काढली मी. दर दोन वर्षांनी व्हिसासाठी मेडिकल देतो, रक्त काढून घेतात, एक्स-रे काढतात. मेडिकल म्हणजे उपाशी पोटी, हे मला कुणी शिकवायचं? मी निर्धार केला. सोमवारी संध्याकाळी सातनंतर अन्न बंद. मंगळवारी सकाळी आईने घावणे केले, सोबत नारळाचा रस. मी पाण्याचा थेंबही घेतला नाही. आई हिरमुसली, पण मी ढळलो नाही.

शुभा म्हणाली, "अहो, डॉक्टरांकडे फोन करून विचारा तरी."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. तिने सरळ चार घावणे खाल्ले. म्हटलं, खा, हिचंच रक्त बिघडेल.

लालबागला डॉक्टरांच्या दवाखान्यात नऊला पोचलो. डॉक्टर आले साडेअकराला. पुढे पंधरा पेशंट, पंखा एक. शुभा खाली जाऊन वडापाव खाऊन आली, मला वासही घ्यायला लावला. मी भिंतीकडे तोंड करून फॉर्म भरत बसलो. त्यात एक प्रश्न होता, अचानक चक्कर येते का, शुद्ध हरपते का? मी 'नाही'वर एवढी ठसठशीत खूण केली की कागद फाटायचा बाकी होता.

पाऊण वाजता माझं नाव पुकारलं. मी ताडकन उठलो. त्यानंतरचं मला आठवतं ते म्हणजे कुणाच्या तरी चपला, अगदी जवळून.

शुद्धीवर आलो तर डॉक्टर नाडी धरून बसलेले आणि शुभा माझ्या तोंडात ग्लुकोज ओततेय. मी पहिलं वाक्य काय बोललो असेन?

"डॉक्टर, आता रक्त घ्या. सतरा तास उपाशी आहे."

"कसलं रक्त?" डॉक्टर म्हणाले. "लायसन्ससाठी मी डोळे बघतो, कान बघतो, लाल-हिरवा कळतो का विचारतो. उपाशी राहायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी शुभाकडे बघितलं. तिने ग्लुकोजचा पेला पुन्हा माझ्या तोंडाला लावला.

मी गयावया केली. आईची इच्छा सांगितली, मस्कतचं लायसन्स दाखवलं. डॉक्टरांनी माझा फॉर्म उचलला, त्या ठसठशीत खुणेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंय. आणि मी तुम्हाला माझ्या डोळ्यांनी पडताना बघितलंय. आठवडाभर नीट जेवा, मग या. मॅडम, तुम्ही आत चला."

मॅडम दहा मिनिटांत सर्टिफिकेट घेऊन बाहेर आल्या. गुरुवारपर्यंत नवीन लायसन्स तिच्या मोबाईलवर आलंसुद्धा.

मस्कतला ती रोज गाडी चालवते, पण मी सोबत असलो की स्टिअरिंग माझ्याकडे, असा आमच्या घरचा कायदा. शुक्रवारी पहाटे ती स्टिअरिंगवर बसली, आई तिच्या शेजारी. मी मागे, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. चाळ निरोपाला गॅलरीत उभी होती. सगळ्यांना दिसलं.

घाट लागला तसं मला राहवलं नाही. म्हटलं, "शुभा, वळण आहे, गिअर बदल."

आईने मागे वळून बघितलं. चेहऱ्यावर अशी माया की मला भरून आलं.

"झिला," ती म्हणाली, "तू गप लाडू खा. तुका परत चक्कर येतली."

खाल्ला. काय करणार?