अर्धा इंच मोठा खांदा

कोर्टासमोरच्या रस्त्यावर, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे जे दहा पावलांचं दुकान आहे ना, ते मास्तरांचं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गेली तीस वर्षं हा माणूस काळं कापड कापतोय. वकिलांचे कोट, वकिलांचे गाऊन, बस्स. काळ्यावर काळा टाका घालून घालून डोळ्यांची पार वाट लागली, पण जिना चढणारा वकील पाठमोरा दिसला तरी सांगणार, "हा आपला नाही. बघा, कॉलर कशी उठलीय, शिवलाय की बांधलाय!"

मास्तरांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचं कापड घरच्यांच्या अंगाला लागता कामा नये. या धंद्यातलं जुनं पाप आहे हे. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. कुणाच्या लग्नाला जायचंय, गिऱ्हाईक आठवड्यानं येणार, मग काय, घाला, मिरवा, इस्त्री फिरवा आणि लावा परत खुंटीला. मास्तरांच्या सख्ख्या धाकट्या भावानं एकदा असाच एका गिऱ्हाइकाचा कोट घालून फोटो काढून घेतला, तर मास्तर त्याच्याशी चार वर्षं बोलले नाहीत. मापांच्या वहीत प्रत्येक मापाखाली ते एक ओळ लिहायला लावायचे, 'कापड कुणाचं'. गिऱ्हाइकानं आणलेलं की दुकानातलं. म्हणजे चिंधीचाही हिशेब चोख.

ही वही लिहायची त्यांची लेक. एकुलती एक. तिसरीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात. मास्तर टेप लावून आकडे ओरडायचे, ती स्टुलावर बसून लिहायची. माप देताना वकील लोक गप्प थोडेच बसतात? आज कुणाला जामीन मिळाला, कुणाची उलटतपासणी कशी फसली, सगळं चालूच. ऐकून ऐकून पोरीच्या डोक्यात वकिली शिरली ती शिरलीच. पदवी झाली, परीक्षा दिली, लॉ कॉलेजात नंबरही लागला. फीचा आकडा ऐकून तिची आई मटकन खाली बसली.

कॉलेजात फीसाठी मदत मिळायची, पण त्याला अर्ज. अर्जात वडिलांचं उत्पन्न. रात्री जेवणं झाल्यावर लेक फॉर्म भरायला बसली आणि मास्तर तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

"एवढंच लिहितेस? थोडं वाढव की."

"बाबा, मदत मागतोय आपण. वाढवून कसं चालेल?"

"अगं पण त्या कॉलेजातले निम्मे प्राध्यापक माझ्याकडे कोट शिवतात! काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडून दाखवा असंच म्हणतायत ते," लेक म्हणाली. आई खो खो हसली. मास्तरांना हसू आलं नाही. फॉर्मवर खरा आकडा गेला आणि मास्तर त्या रात्री कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून झोपले. लाज वाटत होती त्यांना. तीस वर्षं घासून एवढासाच आकडा?

मग मुलाखतीचं पत्र आलं. 'नीटनेटक्या पोशाखात यावे.' झालं! पोरीकडे धड म्हणावा असा एकच ड्रेस, त्याच्या बाहीला कोपराशी रफू. रफू मास्तरांच्या हातचं, म्हणजे बारीक. पण रफू ते रफूच. दुनियेला कोट शिवणाऱ्याची पोरगी आणि बाही विरलेली!

दुकानात खुंटीला एका वकीलबाईंचा कोट तयार होता. भारी लोकरी कापड, आत मऊ अस्तर, दोन्ही बाईंनीच आणून दिलेलं. बाई गावाला गेलेल्या, पंधरा दिवस येणार नव्हत्या. मास्तरांनी तो कोट दोनदा काढला आणि दोनदा परत लावला. तिसऱ्यांदा काढला तो मशीनवर घेतला. कमरेत कच्चे टाके घालून आत घेतला, बाही आतून दुमडली. खांदा मोठा होता. खांदा कच्च्या टाक्यानं घेता येत नाही, त्याला बाही उसवावी लागते. मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाचा खांदा 'चालेल' म्हणून सोडला नव्हता. तो सोडला.

"तुझ्यासाठी शिवलाय," घरी येऊन म्हणाले. "बरेच दिवस कापड जमवत होतो."

लेकीनं कोट घातला, आरशात बघितलं, एकदा खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "छान झालाय, बाबा."

मुलाखतीला मास्तर सोबत गेले. ती आत, हे बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. तिघं होते आत. मधे कमिटीच्या प्रमुख मॅडम, एका बाजूला जाड फाईल घेतलेले एक सर, दुसऱ्या बाजूला एक तरुण प्राध्यापक, तो नुसताच लिहीत होता. पोरगी झकास उत्तरं देत होती. मास्तर बाकावर एकटेच मान डोलावत होते.

तेवढ्यात फाईलवाले सर म्हणाले, "कोट सुंदर आहे तुमचा."

"थँक्यू, सर. बाबांनी शिवलाय."

"शिवला असेल. पण हे कापड मला परवडत नाही हो. आणि इथे उत्पन्न तर बघा काय लिहिलंय. कोट तुमचाच ना?"

आतून पोरीचा आवाज, "हो सर. माझाच आहे."

फाईल मिटल्याचा आवाज आला. "मग हा आकडा काही पटत नाही. खरी गरज असलेले शंभर जण बाहेर आहेत."

आता खोटं कशाला सांगायचं, मास्तर लगेच उठले नाहीत. बाकाची कड घट्ट धरून बसून राहिले. गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? उठलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कोर्टात, मास्तर गिऱ्हाइकाचे कपडे पोरीला घालतो. तीस वर्षांची अब्रू! पण गप्प बसलो तर पोरीची वकिली गेली. उठताना त्यांचे गुडघे कटकन वाजले, ते आत ऐकू गेलं असेल.

"कोट तिचा नाही," दारातूनच म्हणाले. "मी टेलर. तिचा बाप. गिऱ्हाइकाचा कोट आहे तो. न विचारता घातला मी तिच्या अंगावर. आकडा खरा आहे. कोट खोटा आहे."

फाईलवाल्या सरांनी मास्तरांना ओळखलं होतं. त्यांच्या अंगात होता तो कोटही मास्तरांच्याच हातचा. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी मास्तरांकडे बघितलंच नाही. पोरीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

पोरीनं खाली बघितलं. "हो, मॅडम. खांदा अर्धा इंच मोठा आहे. वकीलबाईंचं माप मीच वहीत लिहिलंय."

"मग माझा आहे असं का म्हणालीस?"

"बाबांनी तसं सांगितलं होतं."

अरे देवा! मास्तरांना वाटत होतं की आपण एकटेच खोटं बोललो. पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि बापाचं खोटं सांभाळायला ती चार लोकांत खोटी पडली. तीही कुठे, तर वकील व्हायच्या दारात!

पोरीनं तिथेच कोट काढला. शिंप्याची पोर ती, रागात नाही की घाईत नाही; खांद्यात खांदा घालून, अस्तर बाहेर काढून, घडी करून मांडीवर ठेवला. रफूची बाही उघडी पडली. फाईलवाले सर तिकडे एकदा बघून खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी जाताना कोट मास्तरांनी हातावर घेतला, पोरगी रफूच्या बाहीनं दोन पावलं पुढे.

आठवड्यानं पत्र आलं. एका वर्षाची फी माफ. आई देवापुढे दिवा लावायला धावली. मास्तर मात्र खालचा शेरा वाचत उभे. 'अर्जदाराने मुलाखतीत प्रथम चुकीची माहिती दिली. पुढील वर्षी फेरविचार व्हावा.' तीनदा वाचला. पोरीच्या पहिल्याच कागदावर डाग, आणि तो पाडलाय कुणी, तर ज्यानं आयुष्यात कुणाच्या कापडावर खडूचाही डाग राहू दिला नाही त्यानं.

वकीलबाई आल्या तेव्हा मास्तरांनी कोट हातात द्यायच्या आधी सगळं सांगितलं. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही?" पैसे ठेवले, कोट घेतला, गेल्या. त्यांचा पुढचा गाऊन कोपऱ्यावरच्या नव्या टेलरकडे शिवायला गेला. बाई तो घालून कोर्टात जाताना मास्तरांनी दुकानातून बघितला. शिलाई बरी होती.

कॉलेज सुरू व्हायला चार दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी बाजारातून काळं कापड आणलं. साधंच. बेतायला घेतलं आणि पोरीचं माप बघायला वही काढली. ती संपली, जुनी काढली. त्याच्याही आधीची काढली. पाच वह्या झाल्या. अख्ख्या कोर्टाची मापं होती, मेलेल्या जज्जांचीसुद्धा होती. पोरीचं कुठेच नव्हतं. तिचे कपडे नेहमी उरल्यासुरल्यातून, अंदाजानं, कुणाच्या तरी मापावर.

"इकडे ये. उभी राहा."

पोरीनं सवयीनं पेनाला हात घातला.

"ते ठेव. आज मी लिहितो."

टेप घेऊन मास्तर तिच्या मागे गेले. समोर उभं राहायचं धाडस नव्हतं. खांद्यावर टेप लावली, बोटानं दाबून धरली.

"किती?" तिनं विचारलं. लहानपणापासून हा आकडा ऐकायची सवय.

"साडेचौदा." वकीलबाईंचा पंधरा होता.

त्यांनी वाकून वहीत लिहिलं. छाती, कंबर, बाही. चष्म्यात पाणी साचून अक्षर वाकडं आलं.

पोरगी खांद्यावरून डोकावून बघत होती. "बाबा, शेवटची ओळ राहिली. कापड कुणाचं?"

मास्तरांनी लिहिलं, 'घरचं'. आणि वर न बघताच म्हणाले, "हं. आता वळ."