दोरी कोण सैल करतं

माझी आतेबहीण कुलूप लावल्यावर ते ओढून बघते, चार पावलं जाते आणि परत येऊन पुन्हा ओढते. बाईच संशयी. कॉलेजच्या रोबो-गटात दोरीचं काम तिच्याकडे आपोआपच आलं.

आमच्या रोबोचा हात म्हणजे एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मोटरीवरचं रीळ फिरलं की एक दोरी त्यांना वर खेचते, दुसरी खाली आणते. दोन्ही ताठ हव्यात. एखादी सैल पडली की कप्पीवरून उतरते आणि हात अर्ध्यावर अडकतो. ताई जाता-येता दोरी नखाने छेडायची, मान तिरकी करून ऐकायची. संध्याकाळी स्क्रू आवळून खोलीला कुलूप लावायची.

सकाळी दोरी सैल.

"कुणीतरी हात लावतंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. रोबो मी चालवायचो. "नेम तुझे चुकतात. दोरीवर खापर फोडायला बरं."

तिने स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्क्रू फिरला तर ठिपका तडकणार. सकाळी ठिपका शाबूत, दोरी सैल. दुसरं कुणी ओशाळलं असतं. ताईचा संशय आणखी खोल गेला.

"बाटली मामीची आहे. काल परत नेऊन ठेवली मी. म्हणजे रंग तुझ्याच घरात, ठिपका पुन्हा देता येतो. आणि वॉचमन तुला किल्ली देतो."

"मग आईलाही आण धरून."

"दात काढू नकोस."

ती थेट सरांकडे गेली. गट सांभाळणाऱ्या सरांना कटकट नको होती. "उद्या स्पर्धेत दुसरा कुणी चालवेल," ते म्हणाले. वर्षभर मी त्याच एका दिवसासाठी राबलो होतो.

"आत्ता आवळ," मी ताईला म्हटलं. "समोरासमोर बसू. कोण सैल करतं ते कळू दे."

तिने आवळलं, वर आणखी थोडं. तसं ती रोजच करायची, भरवसा नव्हता म्हणून. मग ती माझ्या हातांवर नजर रोवून बसली. मला बघायला काही नव्हतं, म्हणून मी वरच्या कप्पीकडे बघत राहिलो. कप्पी थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेली होती. तुकडा आणि पट्टी यांच्यामध्ये उजेडाची बारीक चीर दिसत होती. ऊन खिडकीतून टेबलावर आलं तोवर ती चीर रुंदावली होती.

"ताई, वर बघ."

"हात हलवू नकोस."

"अगं, हात राहू दे, वर बघ!"

तिने पाहिलं. ताणाने तुकडा वाकत होता, मुकाट्याने, थकलेल्या माणसाने मान टाकावी तसा. दोरी सैल झाली होती. तिने त्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग तिने धातूचा तुकडा बसवला, दोरीच्या टोकाला लहानशी स्प्रिंग जोडली, आणि या खेपेला ताण जरा कमी ठेवला. स्क्रू सोडताना तिची बोटं कचरत होती.

सरांकडे तीच गेली. मी दाराशी होतो.

"उद्या हाच चालवेल. कुणी हात लावला नव्हता. जास्त मीच आवळत होते. उद्या मी त्याच्या मागे उभी राहीन."

"मागे कशाला?"

"दोरीवर लक्ष ठेवायला," ताई म्हणाली. बघत मात्र होती माझ्या हातांकडे.