चाखणारं माणूस

माझा धाकटा भाऊ आचारी आहे, पण त्याची खानावळ नाही की हॉटेल नाही. लोक सुट्टीत रानात तंबू ठोकून राहायला जातात ना, त्यांच्यासाठी तो उघड्यावर स्वयंपाक करतो. घरातला गॅस, पंखा, गादी सोडून डास चावून घ्यायला माणसं एवढ्या लांब का जातात, हे मला अजून कळलेलं नाही. पण जातात. तिथे त्यांना घरच्यापेक्षा दुप्पट भूक लागते, आणि त्या भुकेवर माझ्या भावाचं घर बत्तीस वर्षं चाललं.

त्याचं सगळं ठरलेलं असायचं. पहिल्या दिवशी कोंबडी, कारण पेटीतल्या बर्फाचं दुसऱ्या दुपारपर्यंत पाणी होतं. मग भाज्या, त्यातही नाजूक आधी. शेवटी कांदे, बटाटे, मसूर, म्हणजे कितीही हेळसांड झाली तरी न रुसणारी मंडळी. चूल मांडायच्या आधी तो मूठभर वाळकं गवत हवेत सोडून वारा कुठून येतो ते बघायचा. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेवा द्यायचा. काजळी त्या मातीवर बसते, आणि घासताना मातीबरोबर निघून जाते. झाकणावर निखारे ठेवून त्याने रानात केकसुद्धा भाजलाय. मी तो खाल्लाय, म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र तो कधी करत नसे. चाखत नसे. ते काम माझ्या भावजयीचं. चुलीच्या ज्या बाजूला धूर येत नाही तिथे ती बुटक्या स्टुलावर बसायची. हा पळी पुढे करायचा आणि म्हणायचा, "अगं, बघ." ती थेंबभर तळहातावर घ्यायची, फुंकर घालायची, चाटायची. तोंडाने काही बोलायची नाही. बोट वर केलं की अजून मीठ हवं, मान हलवली की उतरवा. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला हा धुराने खोकत होता, तेव्हा तिने चाखलं, आणि पुढे तेच चालू राहिलं.

मी एकदा म्हटलं होतं, "अरे, स्वतःची जीभ काय कपाटात ठेवून येतोस?"

तर म्हणाला, "ताई, तीन तास धूर खाल्ल्यावर माझ्या जिभेला काय कळणार? तिची ताजी असते."

भावजय गेल्या वर्षी गेली. आठच दिवस दुखणं. भाऊ रडला नाही. भेटायला येणाऱ्यांना चहा करून द्यायचा, कप विसळून पालथे घालायचा. तिसऱ्या आठवड्यात कामावर गेला. जेवायचाही वेळेवर, पण दुपारी काय खाल्लंस म्हणून विचारलं तर आठवायचं नाही. एकदा आमच्याकडे आला होता. माझ्या सुनेने घाईघाईत त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्याने शांतपणे कप संपवला, धुतला, जागेवर ठेवला. नंतर सुनेला चूक कळली आणि ती हातपाय गाळून बसली. मी मात्र त्या धुतलेल्या कपाकडे बघत बसले. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या वर्षात मलाही कशाचं फारसं काही वाटत नव्हतं. भावजय मला नणंद म्हणून घाबरत नव्हती, हे तिचं मला फार आवडायचं.

मग एके दिवशी त्याची मालकीण घरी आली. सहली काढते ती बाई. वाईट नाही, पण स्पष्ट बोलणारी.

"काका, तीन सहलींत तीन तक्रारी. एकदा खारट, दोनदा अळणी. पुढची सहल मी स्वतः येऊन बघते. नाही जमलं तर पाकिटातलं जेवण आणते. गरम पाणी ओतलं की झालं. तुम्ही या तंबू ठोकायला."

भाऊ म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'चा मला राग आला. ज्या माणसाचा हात चुलीवर बत्तीस वर्षं चालला, तो एका शब्दात चूल सोडायला निघाला होता! मी म्हटलं, "मी येते बरोबर. मी चाखते."

"ताई, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांनी कुठे चाखायचंय?"

मालकीण हसली आणि हो म्हणाली.

तळ्याकाठी गेलो. अकरा माणसं होती. त्यात एक जाड चष्म्याची बाई, बँकेतली. ती आपला चमचा घरून घेऊन आली होती आणि चहासुद्धा आधी हुंगून प्यायची. पहिल्या संध्याकाळी भावाने कोंबडीचा रस्सा केला. लाल, दाट, वर तेलाचा पातळ तवंग. पळी माझ्यापुढे आली. "ताई, बघ." मी तळहातावर घेतला, चाटला. इतकं चमचमीत मी किती वर्षांत खाल्लं नव्हतं. म्हटलं, "झकास! उतरव."

सगळे जेवायला बसले आणि गप्प झाले. चांगलं जेवण असलं की माणसं गप्प होतात, तसं नव्हे. चष्मेवाली म्हणाली, "आचारी काका, मीठ घालायचं राहिलं का हो?" मग ज्याला त्याला मीठ हवं झालं. एकच डबा, तो या हातातून त्या हातात फिरत राहिला. मालकीण माझ्याकडे बघत होती. मी पाण्याकडे बघत होते.

दुसऱ्या दुपारी भाज्यांचा रस्सा होता. या वेळी मी हात आखडला नाही. मला खारट लागेपर्यंत मीठ घालायला लावलं. तरी तीच रड. चष्मेवाली चमचा खाली ठेवून म्हणाली, "आजी, रागावू नका, पण तुम्ही घरी काय खाता?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी माझं मीठ बंद केल्याला अकरा वर्षं झाली. सून माझं जेवण वेगळं काढते. चिमूटभर मीठ म्हणजे मला समुद्र. आणि ही गोष्ट आम्हा भावंडांना दोघांनाही आठवली नव्हती! एकाची चव गेलेली, दुसरीचं मीठ बंद, आणि निघालो अकरा जणांना जेवू घालायला. मी हे मोठ्याने सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. भाऊ हसला नाही. तो रिकामी ताटं गोळा करत होता.

मालकीण हसून झाल्यावर म्हणाली, "आजी, तुम्ही आता आराम करा. काका, संध्याकाळचं जेवण तेवढं करा. उद्यापासून पाकिटं काढू. गाडीत आणलीच आहेत."

"बरं," भाऊ म्हणाला.

चारच्या सुमाराला त्याने मसूर चुलीवर ठेवला, राखेत बटाटे पुरले. मी शेजारी बसले. म्हटलं, "त्या चष्मेवालीला बोलाव. तिची जीभ शाबूत आहे."

"परक्या माणसाला माझ्या पातेल्यातलं चाखायला सांगू?"

"पातेलं तुझं. जेवायचं तर तिलाच आहे ना?"

तो बराच वेळ लाकडं मागेपुढे करत राहिला. मग किती वाजले ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, "ती जागा तिची आहे, ताई."

यावर शहाण्या बाईने काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण आत सगळं बधिर होतं, दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं. शेवटी एवढंच म्हटलं, "जागा तिचीच आहे रे. पण मसूर शिजत आलाय."

तो उठला. हात पुसले. चष्मेवालीच्या तंबूपुढे जाऊन उभा राहिला. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, जरा येता का? चाखायचंय."

"मी? अहो, मला साधा भात जमत नाही!"

"करायचं नाहीये. बिघडलेलं तुम्हाला कळतं, तेवढं पुष्कळ झालं."

ती आली आणि नेमकी धुरात उभी राहिली, खोकायला लागली. मग भावाने स्टूल आपल्या हाताने उचलून बिनधुराच्या बाजूला ठेवलं. "इथे बसा," म्हणाला. पळीतला थेंब तिच्या तळहातावर सोडला आणि तिच्या बोटाकडे बघत राहिला. बोट काही वर झालं नाही. ही बाई तोंडाने बोलणारी.

"मीठ अजून. अजून थोडं. हं, आता लिंबू आहे का? पिळा. अहो, बी पडली, काढा ती! बास. बास म्हटलं ना काका, आता हात लावू नका!"

त्याने हात मागे घेतला. बत्तीस वर्षांत त्याच्यावर चुलीपुढे कोणी असं ओरडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पातेलं घासायलाही काही उरलं नाही. लोकांनी राखेतले बटाटे बोटं भाजून घेत खाल्ले. चष्मेवाली सगळ्यांना सांगत सुटली की मसूर तिने केलाय. मालकिणीने तीनदा वाढून घेतलं आणि सकाळी पाकिटांचं खोकं गाडीतून खालीच काढलं नाही. निघताना भावाला म्हणाली, "काका, पुढच्या सहलीला चोवीस माणसं आहेत. जमेल ना?"

"बरं," भाऊ म्हणाला. अगदी तसंच.

परतताना गाडीत मी विचारलं, "बरं वाटलं का रे?"

"काम टिकलं, ताई."

"काम टिकलं ते मी पाहिलं. तुला काही चव लागली का मसुराची?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. मीही माझ्या बाजूने बाहेर बघितलं.

आता तो प्रत्येक सहलीत पहिल्या चहाला माणसं नुसती न्याहाळतो. जो सगळ्यात जास्त नाक मुरडतो, त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. "जरा येता का? चाखायचंय." बोलावलेला माणूस खूश होतो, तक्रार करायची विसरतो. एकदा म्हणे दोन साडू त्या स्टुलावरून भांडले. जेवण चांगलं होतंय, मालकिणीकडे लोक आचाऱ्याचं नाव काढतात. तो स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतो, उभ्याउभ्या, गाडीत पेट्रोल भरतात तसं.

सहलीहून आला की माझ्याकडे चक्कर टाकतो. मी विचारते, "या वेळी रस्सा कसा झाला होता?"

"लोकांना आवडला," म्हणतो.