काजेमावशींची खिडकी

ज्यांच्या हाताला यश असते, ती माणसे आपल्या हातांविषयी सहसा बोलत नाहीत. काजेमावशी त्यांपैकीच. अठरा वर्षे त्यांनी शिंप्याच्या दुकानात बटणांची काजे केली. आता त्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटाला खिडक्या बसवतात. भूल दिलेल्या जिवाच्या कातडीत एक इवलेसे कडे, कड्यात काच आणि भोवती काजासारखे रेखीव टाके. त्या काचेतून जिवंत यकृतातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली दिवसेंदिवस न्याहाळता येतो. एकाच प्राण्याच्या अंतरंगाचे असे पुनःपुन्हा दर्शन घडावे, ही विद्या खरोखर वंदनीय होय.

त्या सकाळी एका उंदरीच्या खिडकीचा आठवा दिवस होता. तिला पुन्हा भूल देऊन भिंगाखाली ठेवले होते. पडद्यावर रक्तपेशी जेमतेम सरकत होत्या.

"मावशी, टाका आवळला गेलाय," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला प्रयोगातून काढावं लागेल."

काढणे म्हणजे कायमचे निजवणे. मावशी पडद्यापाशी आल्या.

"काल तर सगळं पळत होतं की हो!"

"तुमचा टाका कधी चुकतच नाही वाटतं?"

"चुकतो ना. पण चुकला तर पहिल्याच दिवशी चुकतो."

मावशींनी टाके निरखले. कुठेही ताण नव्हता. भिंग आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा थेंब ठेवल्याशिवाय चित्र स्पष्ट उमटत नाही. त्या थेंबाला त्यांनी करंगळी लावली. थेंब बर्फासारखा गार!

"पाणी कुठलं घेतलंत?"

"फ्रिजमधलं. स्वच्छ राहावं म्हणून आजच बाटली आत..." डॉक्टरीणबाईंनी जीभ चावली.

"अहो, पोटावर गार पाणी! बिचारीचं रक्त गारठणार नाही तर काय?"

मावशी बाटली काखेत धरून स्टुलावर बसल्या.

"मावशी, पाणी कोमट करायचं यंत्र आहे आपल्याकडे."

"असू दे. याला प्लग लागत नाही."

कोमट थेंब ठेवल्यावर पाव घटकेत प्रवाह सुटला. पेशी एकामागोमाग एक, शिस्तीने धावू लागल्या.

"माफ करा, मावशी."

"माझं राहू दे, तिची मागा."

नित्याप्रमाणे, उंदरी जागी होऊन पुढच्या पायांनी तोंड पुसू लागेपर्यंत मावशी पिंजऱ्यापाशी थांबल्या. मग त्यांनी आपल्या गोल अक्षरात एक चिठ्ठी लिहून फ्रिजच्या दारावर लावली : थेंबाची बाटली आत ठेवू नये. तिच्याखाली पहिली सही डॉक्टरीणबाईंनी केली.