जास्तीचा ठोका

चर्चचा घंटेवाला अंत्यविधीला एक ठोका जास्त मारतो, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाचा असतो, अशी कुजबुज त्या गल्लीत अडतीस वर्षं चालली होती.

रीत अशी, की माणूस गेलं की त्याच्या वयाइतके ठोके पडायचे. बायका हातातलं काम टाकून मोजायला बसायच्या. स्वतःची बोटं संपली की शेजारणीची घ्यायच्या. आकडा पुरा झाला की क्षणभर शांतता, आणि मग तो एक आगाऊ. लगेच सगळी म्हातारी मंडळी एकमेकांची तोंडं न्याहाळायची, कोण फिकं पडलंय ते बघायला. शिंप्याच्या सासऱ्याने त्या ठोक्याच्या धास्तीने दोनदा मृत्युपत्र केलं, दोन्ही वेळा जावयाला वगळलं, आणि पुढे नव्वदी गाठली. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, घंटेवाल्याला मोजताच येत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, येतं, पण वेदीवरचा द्राक्षारस उतरल्यावर.

घंटेवाल्याच्या कानावर यातलं फारसं जायचं नाही. डावा कान घंटेने कधीच खाल्ला होता आणि उजवा तो बायकोसाठी राखून ठेवायचा. सकाळी फरशीवर सांडलेलं मेण सुरीने खरवडायचं, बाप्तिस्म्याच्या कुंडात ताजं पाणी भरायचं, बाकं पुसायची, हे त्याचं काम. बायको वेदीवरची वस्त्रं धुऊन खळ घालायची. घंटेच्या दोराच्या टोकाला तिने जुन्या पडद्याचं कापड गुंडाळून दिलं होतं, नवऱ्याचे तळवे सोलू नयेत म्हणून. मूलबाळ नव्हतं. त्याची कारणं गल्लीने पुरवली होती, एकापेक्षा एक.

चर्चला दीडशे वर्षं होत आली तेव्हा नवे फादर इतिहासाची पुस्तिका लिहायला बसले. लिहायला सवड भरपूर होती. जिथे एकेकाळी उशिरा येणाऱ्याला पायरीवर उभं राहावं लागे, तिथे आता रविवारी अकरा डोकी, त्यातली तीन सावलीला आलेली. फादरांनी घंटेवाल्याला समोर बसवलं. आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्याने सांगितलं: मनोरा जळाला ते साल, तोफांसाठी घंटा वितळवायला शिपाई आले तेव्हा लोकांनी ती बटाट्याच्या शेतात पुरली ते, तापाच्या साथीत ठोके थांबेचनात, आजारी माणसं ऐकूनच खचायला लागली, म्हणून महिनाभर घंटा बांधून ठेवली ते. फादर भराभर लिहीत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणि काका, तो जास्तीचा ठोका?”

“हात चुकतो.”

“अडतीस वर्षं? दर वेळी?”

“सवय लागलीय हाताला.”

पुस्तिकेत तेवढी जागा कोरी राहिली.

पुढे पाववाल्याची आई गेली, एकोणऐंशीची. ठोके पडले ऐंशी. नेमकं त्याच आठवड्यात पाववाल्याचं पोट फाडायचं ठरलं होतं. त्याची बायको पिठाच्या हातांनी तशीच चर्चमध्ये आली आणि फादरांना म्हणाली, आता बस झालं. चार जणांची समिती बसली. त्यात पाववाल्याचा मेहुणा. ठराव झाला की यंत्र आणायचं: आकडा घाला, बटण दाबा. दोर उतरवला आणि तो ज्यातून खाली यायचा ते छताचं भोक लाकडाने बुजवलं. पाववाला शस्त्रक्रियेतून उठला, वर चांगला गरगरीत झाला, पण म्हणून कुणी आपला शब्द मागे घेतला नाही.

घंटेवाला मेण खरवडायला येतच राहिला. यंत्र कधी चुकलं नाही. ते थांबलं की शेवटच्या बाकापाशी उभा घंटेवाला बोटाच्या पेराने लाकडावर एकदा ठोकायचा. ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या बायकोला ऐकू यायचं. ती मान हलवायची.

मग तीही गेली. सहासष्टची.

यंत्राने सहासष्ट ठोके दिले आणि गप्प झालं. घंटेवाला शवपेटीपाशी उभा होता. त्याने या वेळी बाकावर ठोकलं नाही. तो म्हणाला, “फादर, एक राहिला.”

फादर त्याच्या उजव्या कानाशी वाकले. “काका, सहासष्टच घातले होते. बरोबर ना?”

“तिचे बरोबर आहेत.”

“मग राहिला तो कुणाचा?”

पाववाल्याच्या बायकोने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. घंटेवाल्याने वर बुजवलेल्या भोकाकडे एकदा पाहिलं, आणि बादली कुठे ठेवलीय हे सांगावं तसं सांगून टाकलं.

तो ठोका त्यांच्या मुलीचा होता. ती चार तास जगली. घंटेवाला तेव्हाच्या फादरांना आणायला धावला. ते दुसऱ्या गावी गेले होते. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून तिच्यासाठी घंटा वाजली नाही आणि तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. अशा वेळी घरातल्या कुणीही पाणी ओतलं तरी बाप्तिस्मा होतो, हे कुंड भरणाऱ्या त्या माणसाला नंतर कळलं. अशा मुलांना बाहेर ठेवायचं चर्चने पुढे सोडून दिलं. ते त्याला कुणी कळवलं नाही.