सासऱ्यांची रक्ततपासणी

स्पिरिटचा वास आला की मला खडकीतली ती छोटी लॅब आठवते. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले माझे सासरे तिथे बाही वर करून ताठ बसले होते. लघवीला त्रास होतो, हे त्यांनी मुलाला न सांगता मला सांगितलं होतं, तेही गॅलरीत उभं राहून, रस्त्याकडे बघत. डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करायला सांगितली आणि आकडा जास्त आला. "म्हणजे कॅन्सरच ना?" सासऱ्यांनी विचारलं. "नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, आजोबा. पुढच्या तपासण्या करू," डॉक्टर म्हणाले. परतताना, एरवी स्कूटरची मागची दांडी धरून बसणाऱ्या त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू चालव गं, घाई नाही," एवढंच म्हणाले. मी मुद्दाम लांबच्या, झाडांच्या रस्त्याने स्कूटर घेतली. पुढे कॅन्सर निघाला, पण लवकर कळल्यामुळे उपचार लागू पडले. परवा माझ्या नवऱ्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली, तेव्हा सासऱ्यांनीच त्याला बजावलं, "बापाला झालाय, तूही तपासून घे. आणि जाताना हिला बरोबर ने. धीर येतो."