कॉफीची चाहती, दोन मांजरांची आई

माझा सैसेनबेकमामा लग्नांत माइक हातात घेऊन पाहुण्यांची ओळख करून द्यायचा. लग्नांची आमंत्रणं कमी झाली, तसा तो एका वेबसाइटसाठी लेखकांचे परिचय लिहायला लागला. लेखाखालच्या त्या चार ओळी, ज्या वाचून माणसाने लेखकाच्या स्वतःच्या साइटवर जायचं असतं. लिहिताना तो त्या मोठ्याने म्हणतो, लग्नातल्याच आवाजात, शब्दाशब्दाला तूप चोपडून: "शब्दांवर निऽऽस्सीम प्रेम करणारी, कॉफीची चाहती, दोन मांजरांची आई." त्याने लिहिलं की कझाकस्तानातल्या आमच्या ताल्दिकोर्गानचा दातांचा डॉक्टर कॉफीचा चाहता, खत विकणारा कॉफीचा चाहता, गुरांचा डॉक्टरसुद्धा कॉफीचाच. सगळे दिवसभर चहा ढोसतात.

यंदा झेयनेशमामीने लेख लिहिला: घोड्याचं आतडं कसं धुवावं, म्हणजे त्यात मांस भरून केलेल्या कझीला वास येत नाही. बाजारात दुसऱ्यांची आतडी उलटी करून खरवडण्यात तिची उमर गेली. स्वतःच्या साइटवर कझीच्या ऑर्डरी आल्या, तरच ते काम सुटणार होतं.

लेखाखाली मामाने लिहिलं, "माळरानाच्या पहाटेची लेक, चवींची प्रवासिनी, कॉफीवेडी."

लेख पुष्कळांनी वाचला. तिच्या साइटवर कुणी फिरकलं नाही.

"ही बाई कोण?" मामीने विचारलं. "वारली का? इतकं गोड मेलेल्याबद्दलच बोलतात."

"वाचकांना असंच आवडतं गं."

"मग आले कुठे? मी सांगते ते लिही."

तिने सांगितलं: "मी झेयनेश. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, म्हणून मी त्यांना 'नाकवाले बाबा' म्हणते. कझीला जरा वास आला की ते दारातूनच परत जातात. लग्नानंतर तीन हिवाळे ते माझ्या हातचं जेवले नाहीत. आता दुसऱ्यांदा वाढून घेतात. मधे मी काय बदललं, ते माझ्या साइटवर आहे."

मामाचा चेहरा पडला. "माझ्या बापाला जगापुढे नाक करतेस? आणि आडनाव कुठंय? त्याशिवाय कोण विश्वास ठेवेल?"

"आपल्याकडे आडनाव म्हणजे बाबांच्या वडिलांचं नाव. तेही मी घेत नाही."

मामा काही ते लेखाखाली टाकेना. शेवटी मामी फोन घेऊन आजोबांसमोर बसली आणि तिने सगळं वाचून दाखवलं. मामा दाराआड उभा.

आजोबांनी ऐकून घेतलं. "तीन नाही, चार हिवाळे," ते म्हणाले. "तिसऱ्याला जेवलो, पण ते पाहुणे बसले होते म्हणून. ते धरायचं नाही."

मामाने तीनचे चार केले आणि टाकलं. लोक साइटवर यायला लागले. आधी नाकाची चौकशी करायला, मग कझी मागवायला. मामीने बाजारातलं काम सोडलं. आता इतक्या ऑर्डरी आहेत की मामालाही बाह्या वर करून आतडी धुवायच्या टबाशेजारी बसावं लागतं. आतल्या हिरवट चिकट थराला बोट लागलं की तो तोंड फिरवून ओकारी गिळतो.

"बास झालं ना आता हे?" तो विचारतो.

"खरवड अजून," मामी म्हणते. "रविवारी बाबा जेवायला आहेत."